बटणांचा दुभाषी

'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा संगणकावरील एक जुना व प्रसिद्ध खेळ होय. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो १९८९ साली रचला आणि पुढच्याच वर्षी तो आय.बी.एम. पद्धतीच्या संगणकांवर आला. तळघरात कोंडलेल्या वीराने एका तासात सुटून राजकन्येस वाचवावयाचे, अशी त्याची कथा आहे. कळफलकावरील बाणांच्या कळा दाबल्या म्हणजे हा वीर धावतो, उड्या मारतो, खाली वाकतो. बाणाबरोबर 'शिफ्ट' ही कळ दाबली, तर तो जपून एकेक पाऊल टाकतो. दरीवरून उडी घेताना 'शिफ्ट' दाबून ठेवली, तर तो पलीकडच्या कड्याला हातांनी धरून लोंबकळतो. बोट उचलले, की त्याची पकड सुटते आणि तो खाली कोसळतो.

त्याच १९८९ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'गेम बॉय' हे हातात धरून खेळावयाचे यंत्र बाजारात आणले. डावीकडे अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण, उजवीकडे 'ए' व 'बी' ही दोन बटणे आणि खाली 'सिलेक्ट' व 'स्टार्ट', एवढाच त्याचा पसारा होता. आजची अशी यंत्रे पुष्कळ सामर्थ्यवान आहेत. त्यांतील काहींवर संगणकाचे जुने खेळही चालतात. बटणांची मांडणी मात्र बहुधा तीच, थोडीफार भर पडलेली. येथेच अडचण उभी राहते. खेळ वाट पाहतो 'शिफ्ट'ची. 'ए' बटण म्हणजे काय, हे त्याला ठाऊकच नाही.

परस्परांची भाषा न जाणणाऱ्या दोन माणसांमध्ये दुभाषी लागतो. तसाच येथेही लागतो. २००२ साली निघालेला 'डॉसबॉक्स' हा कार्यक्रम जुन्या संगणकाची नक्कल करतो. कोणते बटण म्हणजे कोणती कळ, याचा तक्ताही त्यात नोंदविता येतो.

जुन्या संगणकात सर्व कळांना क्रमांक दिलेले असत. डाव्या 'शिफ्ट'चा क्रमांक ४२. ती दाबताच ४२ हा आकडा संगणकाकडे जाई. सोडताच त्यात १२८ मिळवून १७० जाई. 'ए' बटण म्हणजे 'शिफ्ट' असे ठरविले, तर दुभाष्याने हे दोन्ही निरोप ज्या त्या वेळी पोहोचविले पाहिजेत. ४२ च्या पाठोपाठ लगेच १७० पाठविला, तर खेळणाऱ्याचा अंगठा बटणावर असूनही बिचारा वीर दरीत पडेल!

तक्ता करतानाही विचार लागतो. कळफलकावर शंभरावर कळा, यंत्रावर बटणे मोजकी. म्हणून खेळात खरोखर लागणाऱ्या कळा प्रथम लिहून काढाव्या. मग बोटांकडे पाहावे. बाण डाव्या अंगठ्याखाली असतात. 'शिफ्ट' त्यांच्याबरोबरच दाबावी लागते. म्हणून ती उजव्या अंगठ्याखाली हवी. उरलेला वेळ दाखविणारी 'स्पेस' ही कळ 'बी' बटणाला द्यावी. 'कंट्रोल' आणि 'ए' अक्षराची कळ एकदम दाबली, की चालू टप्पा पुन्हा आरंभापासून सुरू होतो. या दोन्ही कळा मिळून एकाच बटणाला देता येतात. परंतु ते बटण 'सिलेक्ट'सारखे, अंगठ्यापासून दूर असलेले निवडावे. नाहीतर चुकून धक्का लागेल आणि मारलेली मजल वाया जाईल.

चांगला दुभाषी स्वतःचे काही सांगत नाही, आणि सांगितलेले काही गाळतही नाही. तो नीट काम करू लागला, म्हणजे त्याचा विसर पडतो. मूळ खेळातील एक अक्षरही बदलावे लागत नाही, आणि तो जुना वीर नव्या यंत्रावरही कडा घट्ट धरून राहतो.