काळी पाचची वरात

बुऱ्हाणपुरात लग्नसराईच्या दिवसांत बँडची गाडी दिसली, तर आधी तिची मांडणी पाहावी. टेम्पोच्या हौद्यात मधोमध कीबोर्ड. कंपनी कोणतीही असो, त्याला म्हणायचं कॅसिओच. शेजारी स्टँडवर ऑक्टोपॅड. मागे अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर आणि जनरेटर, वर भोंगे, खाली जड आवाजाचे बॉक्स. आणि गाडीच्या पुढे, रस्त्यावर, दोन ओळींत चालणारी माणसं: ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम, एखादा सॅक्सोफोन, ढोल, साइड ड्रम, खुळखुळा. गाडीवर वीज, रस्त्यावर फुंक. दोघांनी एकाच सुरात, चालता चालता, नाचणाऱ्यांवर नजर ठेवून वाजवायचं. आपल्या भागातलं इतकं अवघड आणि इतकं कमी कौतुक वाट्याला आलेलं वादन मला दुसरं माहीत नाही.

बुऱ्हाणपूर जिल्हा मध्य प्रदेशात असला तरी रावेर-मुक्ताईनगरशी इथल्या घरांची सोयरीक आहे. त्यामुळे इथल्या बँडला एकाच संध्याकाळी हिंदी, मराठी आणि अहिराणी अशी तिन्ही भाषांतली गाणी लागतात. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला की भजनाची चाल, परतताना नाचाची. शनवारा दरवाजाच्या आतल्या बाजूला गल्ल्या अरुंद आहेत, तिथे भिंतीवरून परतणारा आवाजही वाजवणाऱ्याला हिशेबात धरावा लागतो.

आता सुराचं पाहू. बँडमधला नेहमीचा ट्रम्पेट बी-फ्लॅटचा असतो. तिन्ही खटके मोकळे ठेवून फुंकलं की जो सूर सहज निघतो तो आपल्या भाषेत काळी पाच. खटक्यांचं गणित साधं आहे: मधला दाबला की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिला दाबला की एका स्वराने, तिसरा दाबला की दीड स्वराने. बाकी सगळं ओठांवर. हार्मोनियमसारखे बारा सूर तयार मिळत नाहीत; तोच खटका ठेवून ओठ आवळले की वरचा सूर, सैल सोडले की खालचा. मूळ गाणं कोणत्याही पट्टीतलं असो, ते काळी पाचच्या आसपास ओढून आणलं की फुंकणाऱ्याला श्वास पुरतो. गायक म्हणतो माझी पट्टी वेगळी. बँडमास्तर कॅसिओवाल्याकडे बघतो, तो ट्रान्सपोजचं बटण दाबून मोकळा होतो. पितळवाल्यांना तसं बटण नाही. त्यांना बोटं बदलावी लागतात, तीही चालताना.

मे महिन्यात आणखी एक गंमत होते. बुऱ्हाणपूरचा पारा बेचाळिशीच्या पुढे जातो. हवा तापली की नळीतल्या आवाजाचा वेग वाढतो, सूर चढतो. कॅसिओचा सूर मात्र आहे तिथेच राहतो. मग ट्रम्पेटवाला दोन ओळींच्या मधल्या जागेत सूर जुळवायची सरकती नळी नखाएवढी बाहेर ओढतो, नळी लांबते, सूर खाली येतो. पाणी काढायची कळ दाबून आत साठलेलं वाफेचं पाणी झटकतो आणि पुढच्या ओळीला पुन्हा हजर होतो. समोर नाचणाऱ्यांपैकी कोणालाही यातलं काही कळत नाही, आणि कळू नये म्हणूनच तो हे इतक्या चटकन करतो.

हे पितळ आपल्याकडे आलं ते इंग्रजी पलटणींच्या बँडबरोबर. मेरठच्या जली कोठीत ही वाद्यं आजही घडतात. तिथली नादिर अली आणि कंपनी 1885 सालची. दुसरी वाट गोव्याची. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले गोवेकर वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि तिथून स्टुडिओंत गेले. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांना 1951 च्या ‘अलबेला’साठी चिक चॉकलेट या गोवेकर ट्रम्पेटवाल्याची साथ होती. सिनेमात पितळ घुमलं आणि सिनेमाच्या गाण्यांवर जगणाऱ्या गावोगावच्या बँडना आयतं खाद्य मिळालं. पलटणीचं वाद्य वरातीत रुळलं ते असं.

वीज त्यामानाने उशिरा चढली. आधी भोंगा आणि माइक, मग कॅसिओ, मग ऑक्टोपॅड. रोलंड कंपनीचा पहिला ऑक्टोपॅड 1985 चा: आठ रबरी चौकोन, प्रत्येकावर हवा तो आवाज. एकाच माणसाच्या दोन काठ्यांत ढोलकी, डफ, ताशा आणि सिनेमातला बेस ड्रम आला. आणि मिक्सरवर आला ‘इको’.

या इकोवर जरा थांबायला हवं. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये ऑसबर्न रडॉक, म्हणजे किंग टबी, रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचा. तिथे गल्लीत मोठाले बॉक्स रचून गाणी वाजवायची रीत होती, त्याला साउंड सिस्टिम म्हणत. टबीची स्वतःचीही होती. 1970 च्या दशकात त्याने ध्वनिमुद्रित गाण्यातून गळा काढून टाकला, ढोल आणि बेस उरू दिला, आणि मधेच एखादा शब्द किंवा ट्रम्पेटचा एखादा फटका इकोत सोडून विरू दिला. त्या संगीताचं नाव डब. मिक्सरवर बसलेला माणूसही वादक असतो, हे टबीने जगाला दाखवलं.

बुऱ्हाणपूरच्या गाडीवरचा माणूस डबचं नाव न घेता तेच करत असतो. गायकाची ओळ संपायच्या आत तो इकोची खुंटी फिरवतो, शेवटचा शब्द तीन-चारदा परततो, तेवढ्यात गायक श्वास घेतो आणि ट्रम्पेट आत शिरतात. इथे अंदाज लागतो. लय मिनिटाला 120 मात्रांची असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. इको अर्ध्या सेकंदावर लावला तर प्रत्येक परतणारा शब्द मात्रेवर पडतो. थोडा जरी चुकला तर सगळा कालवा होतो. मोजायला घड्याळ नसतं. खुंटीवरची बोटं ढोल ऐकतात.

ही 120 च्या आसपासची सरळ चाल, प्रत्येक मात्रेला ढोलाचा ठोका, हाच हाउस संगीताचाही कणा. ते शिकागोच्या वेअरहाउस या क्लबात, 1977 पासून तिथे रेकॉर्ड लावणाऱ्या फ्रँकी नकल्सच्या हाताखाली वाढलं आणि त्या जागेवरूनच त्याला नाव मिळालं. त्यातली अ‍ॅसिड ही शाखा टीबी-303 नावाच्या छोट्या रोलंड यंत्रावर उभी राहिली, तिची पहिली गाजलेली रेकॉर्ड 1987 ची. पण त्याच यंत्रावर मुंबईचे चरणजित सिंग यांनी 1982 मध्येच, डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवून एचएमव्हीसाठी रेकॉर्ड केली होती. सिनेमाच्या वाद्यवृंदात आयुष्य घालवलेला माणूस. रेकॉर्ड खपली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या लोकांनी कान टवकारले आणि उतारवयात त्यांना परदेशातून वादनाची बोलावणी आली. 2015 मध्ये ते वारले.

राग आणि यंत्र यांचा हा मेळ बुऱ्हाणपूरला परका वाटू नये. फारुकी सुलतान बुऱ्हाणखानाच्या आश्रयाने कर्नाटकातून आलेल्या पुंडरीक विठ्ठलाने ‘सद्रागचंद्रोदय’ लिहिला तो याच गावी. वीणेचे पडदे कुठे बांधावेत, कोणता राग कोणत्या मेळात बसवावा, याचा विचार त्याने इथे केला. दक्षिणेची आणि उत्तरेची रीत समोरासमोर ठेवून नवी मांडणी करणाऱ्या माणसाला या गावाने जागा दिली होती. कॅसिओ आणि ट्रम्पेट जुळवणारा मास्तर शास्त्र लिहीत नाही, पण अडचण त्याच जातीची सोडवतो.

या बँडची खरी कला मला मुखडा धरण्यात दिसते. गाणं छापील लांबीचं नसतं. नवरदेवाचे मामा रंगात आले की मास्तर डावा हात उंचावून बोट गोल फिरवतो, तीच चार मात्रांची तान पुन्हा पुन्हा चालू राहते. कॅसिओवाला भरणा कमी करतो, ऑक्टोपॅड एकटा उरतो, मग युफोनियम खालून चढतं आणि मास्तरची मूठ मिटली की सगळं पितळ एकदम कोसळतं. मामा दमले की दोन ओळींत गाणं संपतं. नाचणाऱ्याच्या दमावर गाण्याची लांबी ठरते. हाउस वाजवणाऱ्यांनी बारा इंची रेकॉर्डींवर जे साधलं, ते इथे माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघून साधतात.

आणि नेमकी हीच माणसं कमी होत चालली आहेत. सुपारी घेताना यजमान विचारतो, बॉक्स किती? फुंकणारे किती, हे क्वचित कोणी विचारतं. कॅसिओत ट्रम्पेटचा आवाज तयार असतो, त्यामुळे आधी युफोनियम गळतं, मग क्लॅरिनेट, मग दोनाऐवजी एकच ट्रम्पेट उरतो, तोही मिरवायला. शेवटी नुसता डीजे. मला याचं मनापासून वाईट वाटतं. डीजेच्या भिंतीने काळजाला हादरे बसतात, म्हाताऱ्यांना घरात कोंडून घ्यावं लागतं. पितळाचा आवाजही मोठाच, पण तो माणसाच्या छातीतून येतो आणि छाती थकली की थांबतो.  आणि कधी गाडी गप्प करावी लागली, तर ज्या बँडकडे फुंकणारे आहेत त्याच्याकडे निदान वाद्यं तरी उरतात.

फुंकणारा एका हंगामात तयार होत नाही. पोरगं आधी खुळखुळा धरतं, ओळीत पाय टाकायला शिकतं. मग साइड ड्रम. मग घरी नुसतं मुखनळं घेऊन ओठांची थरथर काढायची. वाद्य हातात येतं ते त्यानंतर. ओठ बसायला महिने लागतात, आणि बसलेले ओठ महिनाभर स्वस्थ राहिले तर पुन्हा सैल पडतात. चातुर्मासात मुहूर्त नसतात. तेव्हा बरेच वादक यंत्रमागावर किंवा केळीच्या कामावर जातात आणि संध्याकाळी अर्धा तास लांब सूर धरतात: एकच काळी पाच, श्वास संपेपर्यंत, न हलवता. गणपतीत चार सुपाऱ्या मिळाल्या तर बरं, नाहीतर तुळशीच्या लग्नापर्यंत हेच.