इंटरनेट बंद, वायफाय चालू

२० मे २०२०ला अम्फान चक्रीवादळाने कोलकात्यात हजारो झाडं पाडली. झाडांबरोबर विजेच्या आणि केबलच्या तारा गेल्या. टाळेबंदीमुळे अख्खं घर घरातच. कोलकात्यातल्या न्यू टाउनसारख्या वस्तीत, जिथे बरीच कामं संगणकावर चालतात, तिथे इंटरनेट गेलं की सगळंच थांबलं असं वाटतं. पण इंटरनेट आणि वायफाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरची तार तुटली, तरी एका खोलीतली फाइल दुसऱ्या खोलीत जायला काहीच हरकत नसते. त्यासाठी राउटरही लागत नाही, लॅपटॉप पुरतो.

लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड एरवी दुसऱ्याचं नेटवर्क शोधत असतं. बहुतेक कार्डांना उलट भूमिकाही जमते, म्हणजे हॉटस्पॉट होऊन स्वतःचं नेटवर्क उभारायची. मग ते सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःचं नाव हवेत पुकारतं. फोनने ते ऐकून पासवर्ड दिला (किमान आठ अक्षरांचा), की लॅपटॉप त्याला एक पत्ता नेमून देतो. उबुंटू या लिनक्स प्रणालीत लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता सहसा १०.४२.०.१ असतो, विंडोजमध्ये १९२.१६८.१३७.१.

इथे एक अडचण आहे. विंडोजच्या सेटिंग्जमधला मोबाइल हॉटस्पॉट आठ उपकरणं जोडून घेतो, पण वाटायला एखादं कनेक्शन नसेल तर सुरूच व्हायला नकार देतो. उबुंटूचा हॉटस्पॉट अशी अट घालत नाही. म्हणून अशा दिवसांसाठी मला तोच भरवशाचा वाटतो.

आता फाइली. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेसोबत एक छोटा वेब सर्व्हर येतो. हव्या त्या फोल्डरमध्ये तो सुरू केला, की फोनच्या ब्राउझरमध्ये १०.४२.०.१ आणि अपूर्णविरामापुढे (:) ८००० लिहायचं. फोल्डरची यादी समोर येते. जोडलेल्या प्रत्येकाला ती दिसते, म्हणून खाजगी कागद तिथे ठेवू नयेत. फोन 'इंटरनेट नाही' म्हणून कुरकुरतो आणि मोबाइल डेटाकडे वळू पाहतो; डेटा तेवढा वेळ बंद ठेवावा.

दोन फोन एकमेकांशी बोलले, तरी प्रत्येक तुकडा लॅपटॉपमार्गे जातो, म्हणजे हवेतून दोनदा. त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. काँक्रीटच्या भिंतींपलीकडे २.४ गिगाहर्ट्झ बरं पोचतं. त्याच खोलीत ५ गिगाहर्ट्झ वेगवान. आणि लॅपटॉपचं झाकण मिटू नये. तो झोपला, की घरातलं नेटवर्कही गेलं.