जुनी स्कूटर किती रुपयांना घ्यावी?

थोरली तळेगावच्या एका दवाखान्यात नोकरीला लागली आणि आमच्या घरात स्कूटरचा विषय निघाला. वडगाव मावळहून तळेगाव फार लांब नाही. पण दुपारी लोकलच्या वेळांत मोठा खंड पडतो, आणि पाळी सुटल्यावर पोरीने रात्री रिक्षाची वाट पाहत उभे राहावे हे अम्मींना पटेना. नव्या गाडीसाठी कर्ज काढायचे नव्हते. साठवलेले पैसे ३५,०००. त्यात जुनी गाडीच बसत होती.

ओळखीतल्या एका चाचांकडे २०१७ची स्कूटर होती. त्यांनी ३६,००० सांगितले. बाहेरून गाडी चकचकीत. आतले कोण सांगणार?

एके काळी आपल्या भागात हा हिशेब उलटा होता. आकुर्डीच्या बजाज कारखान्याची चेतक १९७२ साली आली. मागणी प्रचंड आणि उत्पादनावर परवान्याची मर्यादा, त्यामुळे नंबर लावून लोक वर्षानुवर्षे थांबत. हातात असलेली जुनी स्कूटर नव्या गाडीच्या किमतीपेक्षा महाग विकली जाई. आता नवी गाडी शोरूममध्ये लगेच मिळते. म्हणून जुनीचा भाव तिच्या प्रकृतीवर ठरतो, आणि ती प्रकृती फक्त विकणाऱ्याला ठाऊक असते.

आम्ही गेलो तेव्हा इंजिनला हात लावून पाहिला. गरम होते. आम्हाला आमचीच लाज आठवली. सात वर्षांपूर्वी आमची गाडी विकताना गिऱ्हाईक येण्याआधी आम्ही ती दहा मिनिटे चालू ठेवली होती. ती सकाळी लवकर सुरू होत नसे. त्याने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही.

चाचांना सांगून आम्ही दुसऱ्या दिवशी फजरनंतर, इंजिन थंड असताना, मेकॅनिकला घेऊन गेलो. गाडी पटकन सुरू झाली. सायलेन्सरमधून निळा धूर आला असता तर ऑइल जळते असे समजायचे; तसा आला नाही. टायरवरच्या चार आकड्यांवरून तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते कळते. दोन्ही टायर मूळचेच निघाले. मावळच्या पावसात गंज खालून धरतो, म्हणून फूटबोर्डखाली वाकून पाहिले. मग डबलसीट कामशेत खिंडीचा चढ चढून आलो. गाडी दमली नाही. पण मेकॅनिक म्हणाला, “बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत. इंजिन एकदा उघडलेले आहे. कशासाठी, ते सांगता येणार नाही.”

घरी येऊन हिशेब मांडला. चौकशीत अशाच चांगल्या गाडीचा भाव ३८,००० निघाला होता. त्यातून टायर ३,०००, बॅटरी १,५००, बेल्ट आणि रोलर २,०००, नवी नंबरप्लेट व नावावर करण्याचा खर्च १,५००. हे ८,००० वजा जाता राहिले ३०,०००. उरली इंजिनची शंका. काम निघालेच तर ८,००० लागणार. निघेल की नाही, निम्मे-निम्मे. म्हणून त्याचे अर्धे, ४,००० कमी केले. न कळलेल्या गाडीला २६,००० च्या वर देणे परवडत नव्हते.

अमेरिकेचे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर लेख लिहिला. पुढे २००१ साली त्यांना नोबेल मिळाले. ते दाखवतात की गिऱ्हाइकाला चांगली-वाईट गाडी ओळखता आली नाही तर तो सगळ्यांनाच मधला भाव देतो. मग चांगली गाडी असलेला माणूस बाजारातून निघून जातो. म्हणजे लपवणाऱ्यामुळे खरे बोलणारा भरडला जातो.

हदीसमध्ये मदिनेच्या बाजारातल्या धान्याच्या ढिगाची गोष्ट आहे. पैगंबरांनी (स.) ढिगात हात घातला तर आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग लोकांना दिसेल असे भिजलेले वर का ठेवले नाही, हा त्यांचा सवाल होता.

आम्ही चाचांकडे गेलो आणि घासाघीस न करता सरळ विचारले, “चाचा, इंजिन का उघडले होते?” ते थोडे थांबले. दोन वर्षांपूर्वी पावसात इंजिनमध्ये पाणी गेले होते. पिस्टन आणि रिंगा बदलल्या. सांगितले तर भाव पडेल, अशी त्यांना भीती होती. त्यांनी बिल आणून दाखवले. मेकॅनिकने ते वाचून मान डोलावली. शंका मिटली, तसे कापलेले ४,००० आम्ही परत जोडले. सौदा ३०,००० ला ठरला. ऐब सांगून चाचांचे नुकसान झाले नाही.

तरी तीन दिवसांत दोष निघाला तर गाडी परत, अशी अट दोघांनी कागदावर लिहिली. फिकहमध्ये याला खियार-ए-शर्त म्हणतात. इंजिन आणि चेसिस नंबर आरसी बुकाशी जुळवले, थकलेले चलन ॲपवर पाहिले, आरसीवर कर्जाची नोंद नाही याची खात्री केली, विम्याची मुदत वाचली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावरच उरलेले पैसे दिले.

आमच्या त्या जुन्या गिऱ्हाइकाचा पत्ता आज आमच्याकडे नाही. या गाडीच्या डिकीत मात्र आम्ही एक वही ठेवली आहे. पहिल्या पानावर चाचांचे बिल चिकटवले आहे, पुढे प्रत्येक दुरुस्ती तारखेसह लिहितो. गाडी विकायची वेळ येईल तेव्हा ती वही गाडीबरोबर जाईल.