वेल्डिंगचे दूरशिक्षण आणि वालीवचे गाळे

वसई-विरार म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे किल्ला, केळीच्या बागा आणि विरारची गाडी एवढेच उभे राहते. रेल्वेच्या पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली, पेल्हार असा जो गाळ्यांचा पट्टा पसरला आहे, त्याची ओळख तेथे राबणाऱ्यांखेरीज फार थोड्यांना आहे. लोखंडी फाटके, शेडचे सांगाडे, टाक्या, मांडण्या, यंत्रांच्या बैठकी अशी नाना प्रकारची कामे येथे होतात आणि या सर्वांत समान धागा असतो तो वेल्डिंगचा. शासकीय पत्रकांत जोडारी, कातारी, तारतंत्री यांच्या पंक्तीला वेल्डरला ‘संधाता’ असे भारदस्त नाव दिलेले आहे. गाळ्यात त्या नावाने हाक मारली तर कोणी मान वर करणार नाही, हा भाग वेगळा.

हा संधाता घडतो कसा? राजमार्ग आयटीआयचा. केंद्र सरकारने १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. तिच्यातील वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा असून आठवी उत्तीर्ण झालेल्या मुलालाही त्यास प्रवेश मिळतो. परंतु गाळ्यांतील पुष्कळ वेल्डर या मार्गाने आलेले नाहीत. ते हेल्पर म्हणून आले, त्यांनी ग्राइंडर चालवला, पट्ट्या धरल्या, आणि उस्ताद चहाला गेला असता होल्डर हाती घेऊन पाहिला. या दोन वाटांना आता तिसरी फुटली आहे. आयटीआयच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारने २०१९ मध्ये ‘भारत स्किल्स’ हे संगणकीय व्यासपीठ उघडले. पुढच्याच वर्षी टाळेबंदीत संस्थांना कुलपे लागली आणि कार्यशाळेतला विषय मोबाइलच्या पडद्यावर येऊन बसला. आयआयटीच्या प्राध्यापकांची वेल्डिंगवरील व्याख्याने ‘एनपीटीईएल’वर विनामूल्य ऐकावयास मिळतात. याखेरीज शुल्क घेऊन घरबसल्या वेल्डर करण्याची हमी देणारेही पुढे आले आहेत. पदवीच्या वर्गातील मुले आता विचारतात, ‘सर, हे शिकून पुढे ऑनलाइन शिकवण्याचा व्यवसाय करता येईल का?’

प्रश्न रास्त आहे. त्याला उत्साहाने होकार देणे मला तितके सोपे वाटत नाही.

प्रथम दूरशिक्षणाचे श्रेय त्याच्या पदरात टाकले पाहिजे. गाळ्यातला उस्ताद ‘असे कर’ म्हणतो. ‘का’ ते सांगत नाही, कारण पुष्कळदा त्यालाही कोणी सांगितलेले नसते. ७०१८ क्रमांकाचा रॉड भट्टीत तापवून कोरडा का करावा? त्याच्या लेपात ओल राहिली तर तिच्यातून हायड्रोजन सुटतो, तो धातूत शिरतो आणि वरून देखणा दिसणारा जोड नंतर आतून तडकतो. वसईच्या पावसाळ्यात रॉडचे उघडे खोके काय अवस्थेला जात असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपावर काम केले की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. त्यावर दूध प्यायले किंवा गूळ खाल्ला की धूर उतरतो, अशी समजूत आहे. आर्क उघड्या डोळ्यांनी पाहिला तर मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते आणि बटाट्याच्या चकत्या ठेवून मुलगा रात्र काढतो. ही कारणमीमांसा पडद्यावरून उत्तम शिकवता येते आणि तेवढ्याने चार डोळे व दोन फुप्फुसे वाचली तरी त्या व्याख्यानाचे सार्थक झाले.

परंतु वेल्डिंग हे केवळ जाणण्याचे शास्त्र नव्हे. रॉडचे टोक धातूपासून रॉडच्या जाडीइतकेच दूर ठेवायचे; रॉड जळून आखूड होत जातो, म्हणून हात त्याच गतीने खाली न्यायचा आणि त्याच वेळी जोडावरून पुढेही सरकायचे; कोन ढळू द्यायचा नाही. हे सारे काळ्या काचेआडून. मायकेल पोलान्यीने १९६६ साली अशा ज्ञानाला ‘अव्यक्त ज्ञान’ म्हटले. माणसाला येते, पण शब्दांत सांगता येत नाही, असे ते ज्ञान. यावर कोणी म्हणेल, शब्द कशाला, कॅमेरा आहे ना. पण आर्कच्या तेजापुढे मोबाइलच्या कॅमेऱ्याला पांढऱ्या डागापलीकडे काही दिसत नाही. भिंगापुढे काळी काच लावली तर आर्क दिसतो आणि बाकीचे सारे अंधारात जाते. दोन्ही टिपणारे खास कॅमेरे असतात, परंतु ते गाळ्याच्या ऐपतीतले नव्हेत. आवाजाची गत आणखी मौजेची आहे. आर्क नीट चालला की कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा चुरचुराट ऐकू येतो आणि जाणता उस्ताद पाठमोरा असतानाही त्यावरून शिष्याची चूक ओळखतो. फोनवरील सभेची साधने मात्र एकसुरी आवाज गोंगाट समजून दाबून टाकतात. म्हणजे गुरूला जे ऐकायचे असते तेच नेमके वाटेत गाळले जाते.

यावर तोडगा म्हणून सिम्युलेटर निघाले आहेत. लिंकन इलेक्ट्रिकसारख्या अमेरिकन कंपनीने ते केले, आपल्याकडे चेन्नईच्या ‘स्किलवेरी’नेही केले. रॉड न जाळता हाताचा कोन, वेग आणि अंतर यांचे गुण पडद्यावर मिळतात. सुरुवातीच्या सरावाला ते उपयुक्त आहे. पण वितळलेला धातू ओघळतो कसा आणि कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत असता हात स्थिर ठेवायचा कसा, हे त्यात शिकता येत नाही.

आता थोडा हिशेब मांडू. ३.१५ मिलिमीटर जाडीचा एक रॉड साधारण दीड मिनिटात जळून संपतो. म्हणजे तासभर आर्क पेटता ठेवायचा तर चाळीस रॉड लागले. शंभर तासांच्या सरावाला चार हजार. त्यांचे वजनच शंभर किलोच्या पुढे जाईल. शिवाय पट्ट्या, वीज आणि घासकाम आलेच. वेल्डिंगच्या शिक्षणातला खरा खर्च हा असा जळून जाणारा आहे. व्याख्यान हा त्यातला स्वस्तातला भाग, आणि दूरशिक्षणाने स्वस्त केला तो नेमका स्वस्त भागच.

हा खर्च कोणी करायचा? गॅरी बेकरने १९६४ च्या आपल्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात याचे उत्तर देऊन ठेवले आहे. जे कौशल्य कोणत्याही कारखान्यात चालते, त्याचा खर्च मालक करीत नाही. कारण शिकलेला कामगार उद्या शेजारच्या गाळ्यात जाईल आणि नफा शेजाऱ्याचा होईल. हा खर्च कामगार स्वतःच, कमी वेतन पत्करून, सोसतो. आपला हेल्पर नेमके हेच करीत असतो. अल्प मजुरी ही त्याची अप्रत्यक्ष फीच आहे. फरक इतकाच की, फी भरूनही त्याच्या वाट्याला रॉड येत नाहीत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याची सक्ती तीस वा अधिक माणसांच्या आस्थापनांना आहे. आठ-दहा माणसांचा गाळा इच्छा असेल तर उमेदवार घेऊ शकतो, पण त्याला इच्छा का व्हावी, हे कायदा सांगत नाही.

राहिला ऑनलाइन अध्यापनाच्या व्यवसायाचा प्रश्न. आल्फ्रेड मार्शलने गेल्याच्या आधीच्या शतकात लिहिले होते की, मानवी आवाज जितक्या श्रोत्यांपर्यंत पोहोचतो त्यावर गायकाच्या मिळकतीची मर्यादा ठरते. पुढे ध्वनिमुद्रिका आल्या आणि ती मर्यादा उडाली. १९८१ साली शेर्विन रोझेनने ‘सुपरस्टार’च्या अर्थशास्त्रावरील निबंधात दाखवले की, पुनरुत्पादनाचा खर्च नगण्य झाला की बाजार थोड्यांच्या हाती जातो, किंचित सरस असलेला जवळजवळ सारे घेऊन जातो. वेल्डिंगच्या व्याख्यानांचे हेच होणार. हिंदीत उत्तम समजावून सांगणारे दोघे-तिघे आणि मराठीत एखादा, एवढ्यांनी सारा देश भागेल. नालासोपाऱ्याच्या खोलीत कॅमेरा लावून बसणाऱ्या शंभराव्या शिक्षकाला तेथे जागा नाही, मग तो कितीही कसबी असो. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे स्पष्टपणे सांगतो. त्यांना ते आवडत नाही.

पण जे मुद्रित होऊ शकत नाही, त्याला मागणी उरतेच. शिष्याचा जोड हाती घेऊन ‘येथे तुझा हात थांबला, येथे करंट जास्त होता’ हे सांगणे प्रत्येकासाठी निराळे करावे लागते. जाणता वेल्डर जोड हस्ताक्षरासारखा वाचतो: कडेला पडलेली चर, अडकलेला स्लॅग, बारीक छिद्रे. या वाचनासाठी गुरू-शिष्य एका छपराखाली असण्याची गरज नाही. आर्क दुरून दिसत नसला तरी थंड झालेला जोड कुरियरने धाडता येतो. त्यातून आडव्या पट्ट्या कापून दाबयंत्रावर यू-आकारात वाकवल्या, आणि वाकलेल्या पृष्ठावर तीन मिलिमीटरहून मोठी फट उघडली, तर जोड नापास. आंतरराष्ट्रीय संकेतही हाच आहे. अमेरिकन वेल्डिंग सोसायटी वेल्डरला प्रमाणपत्र देताना तो कोठे शिकला हे विचारत नाही. मान्यताप्राप्त केंद्रात प्रत्यक्ष जोड करावयास लावते आणि तो तपासते.

वसई-विरारला हे का जमू नये? यंत्रे येथे आहेत; संध्याकाळनंतर आणि सुटीच्या दिवशी त्यांतील कित्येक बंद असतात. कौशल्यविकासाच्या नावाने जो पैसा खर्च होतो, त्यातला काही नव्या व्याख्यानांच्या चित्रीकरणाऐवजी रॉड, पट्ट्या आणि गाळ्याचे भाडे यांवर खर्चावा. व्याख्यान मुलाने मोबाइलवर ऐकावे आणि सराव वालीवच्या गाळ्यात करावा.

अडचण आहे ती माणसांच्या मान्यतेची. शासकीय आयटीआयत निदेशक व्हायचे तर हातातले कसब पुरत नाही. शैक्षणिक अर्हता आणि निदेशक-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. अध्यापनाला ती अट असावी, त्याबद्दल तक्रार नाही. पण तीस वर्षे टाक्या जोडलेल्या आणि आता पाठ वाकत नसलेल्या उस्तादाला निदान जोड-परीक्षक म्हणून मान्यता देण्यास काय हरकत आहे? त्याची नजर शाबूत आहे. त्याच्यासमोर पाच गुणवान आणि पाच सदोष जोड ठेवून त्याचीच आधी परीक्षा घ्यावी, आणि उत्तीर्ण झाल्यास दर जोडामागे ठरावीक मोबदला द्यावा. पालघर, बोईसर वा जव्हारच्या मुलाचा जोड आठवड्याला त्याच्याकडे यावा आणि दोष खडूने खुणावून, फोनवर चार शब्द सांगून, परत जावा.