वाहिन्या नसलेले लाकूड

यंत्रे किंवा काचसामान ज्या फिक्या पिवळट फळ्यांच्या खोक्यांतून येते, त्या फळ्या पुष्कळदा पाइनच्या असतात. त्यांत खिळा सहज शिरतो. त्यामुळे हे लाकूड हलक्या प्रतीचे, असे आपण धरून चालतो. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतही त्याची ओळख ‘वाहिन्या नसलेले, आदिम लाकूड’ अशीच होते. पण हिमालयातील चीड हा पाइनचाच एक प्रकार ३० ते ५० मीटर उंच वाढतो. मग वाहिन्यांवाचून त्याच्या शेंड्यापर्यंत पाणी चढते कसे?

आधी सागाच्या फळीचे कापलेले टोक पाहू. त्यावर नुसत्या डोळ्यांनी बारीक छिद्रे दिसतात. ही वाहिन्यांची तोंडे. सागात पाणी वाहण्याचे काम वाहिन्यांचे, तर भार पेलण्याचे काम मुख्यतः जाड भित्तीच्या तंतूंचे. पाइनमध्ये अशी विभागणी नाही. त्याच्या लाकडाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग एकाच प्रकारच्या पेशींचा असतो. त्यांना वाहिका म्हणतात. पाणीही त्याच वाहतात आणि भारही त्याच पेलतात. वसंतात तयार होणाऱ्या वाहिका रुंद पोकळीच्या व पातळ भित्तीच्या असतात, तर हंगामाच्या अखेरीस होणाऱ्या वाहिका अरुंद व जाड भित्तीच्या असतात. फळीवरील फिके-गडद पट्टे यांमुळेच दिसतात.

वाहिकेची लांबी साधारण ३ ते ४ मि.मी. आणि रुंदी तिच्या शंभराव्या हिश्श्याइतकी असते. ती पेन्सिलीएवढी जाड आहे असे मानले, तर तिची लांबी सुमारे ७० सें.मी. भरेल. वाढ पूर्ण होताच आतील जिवंत द्रव्य नाहीसे होते आणि फक्त भित्ती उरते. मात्र या नळीची दोन्ही टोके बंद असतात. पाणी शेजारच्या वाहिकेत जाते ते बाजूच्या भित्तीतील खाचांमधून.

या खाचेची रचना पाहण्यासारखी आहे. शेजारच्या दोन्ही वाहिकांच्या भित्ती तेथे घुमटासारख्या फुगलेल्या असतात व प्रत्येक घुमटाच्या मध्यभागी एक भोक असते. दोन घुमटांच्या मधोमध एक पडदा ताणलेला असतो. त्याच्या केंद्रस्थानी जाड तबकडी आणि तिच्याभोवती विरळ धाग्यांची जाळी असते. पाणी या जाळीतून पार होते.

तबकडीचे काम संकटाच्या वेळी कळते. पानांतून बाष्प बाहेर पडते तेव्हा खोडातील पाणी वर ओढले जाते, हा विचार डिक्सन व जोली यांनी १८९४ मध्ये मांडला. अशा ताणलेल्या पाण्यात हवा शिरली, तर पाण्याचा स्तंभ तुटतो व ती वाहिका निकामी होते. हवा पसरत गेली, तर झाड सुकेल. पण हवा शिरलेल्या बाजूचा दाब जास्त असल्याने तबकडी पलीकडच्या भोकावर जाऊन बसते आणि झडप मिटते. नुकसान एका वाहिकेपुरते राहते.

पिटरमन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या सपुष्प वनस्पतींच्या खाचांपेक्षा या खाचांचा पाण्याला होणारा विरोध सरासरी सुमारे साठ पटींनी कमी असतो. म्हणून तेवढ्याच रुंदीच्या वाहिनीपेक्षा वाहिका फारशी मागे पडत नाही. वाहिन्या अधिक रुंद होऊ शकतात, हा त्यांचा फायदा मात्र खराच.

या खाचा शाळेतही पाहता येतात. खोक्याच्या फळीचा लहान तुकडा गरम पाण्यात भिजवून मऊ करावा. फळीच्या टोकाला वलयांच्या रेषा दिसतात. त्यांना काटकोनात जाणाऱ्या पृष्ठभागावरून, तंतूंच्या दिशेने, शिक्षकांनी स्वतः ब्लेडने अगदी पातळ छिलका काढावा. त्याला सॅफ्रानिनचा रंग देऊन सूक्ष्मदर्शकातून ४०० पट मोठा करून पाहावा. लांबट वाहिकांवर एकात एक वर्तुळे ओळीने दिसतील. त्याच त्या खाचा.

‘पाइनच्या लाकडात वाहिन्या नसतात’ हे वाक्य फळ्यावर लिहाल, तेव्हा त्याखाली ‘मग त्याचे भागते कसे?’ हा प्रश्नही जरूर लिहावा.