वारंगा फाट्यावरून चंद्रावर!

नांदेडहून हिंगोलीला निघालात की वाटेत वारंगा फाटा लागतो. इथून एक रस्ता हदगाव-यवतमाळकडे फुटतो. आता इथं कुणाला विचारलंत, "चंद्राचा रस्ता कोणता हो?" तर लोक हसतील. पण संगणक मात्र तुम्हाला तिथला प्रयोग दाखवील, बरं का!

आधी घरी एक प्रयोग करा. दोऱ्याला छोटा दगड बांधा. टांगल्या जागेपासून दगडाच्या मध्यापर्यंत १ मीटर लांबी ठेवा. थोडासा झोका द्या. जाऊन-येऊन एक, असे दहा हेलकावे मोजा. सुमारे २० सेकंद लागतील. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश. तिथं याच दहा हेलकाव्यांना सुमारे ४९ सेकंद लागतात. आणि हे पडद्यावर पाहता येतं!

कॉलेजच्या मुलांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ ला दूरदर्शनवर कार्यक्रम सुरू केले. गावोगावी ते दिसत. पण टीव्ही सांगणार नि आपण ऐकणार! संगणकात चित्र, आवाज, हालचाल तर आहेच. शिवाय दोरी लांब करा, ग्रह बदला, तो लगेच परिणाम दाखवतो. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी अमेरिकेत २००२ साली 'फेट' हा असाच उपक्रम सुरू केला. त्यातले बरेच प्रयोग मराठीतही आहेत, तेही फुकट. आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी.सह अनेक संस्थांनी कॉलेजसाठी 'व्हर्च्युअल लॅब' म्हणजे आभासी प्रयोगशाळा तयार केल्या. महागडं उपकरण जवळ नसलं, तरी त्याचं काम समजून घेता येतं. खेड्यातल्या मुलांना याचा केवढा आधार!

मग खरी प्रयोगशाळा नकोच का? छे, हवीच! पडद्यावरचा लंबक कधी चुकत नाही. तुमच्या दगडाला मात्र १९ किंवा २१ सेकंद लागतील. का बरं? घड्याळ उशिरा दाबलं? दोरी नीट मोजली नाही? हा 'का' शोधणं म्हणजेच विज्ञान. पडदा आपल्याला ठाऊक असलेला नियम पाळतो. नवं काही सांगायचं, तर ते निसर्गच सांगतो.

आई-बाबांनो, मुलांच्या हातात मोबाइल दिसला, तर रागावण्याआधी विचारा, "काय चाललंय?" कदाचित चंद्रावरचा लंबक हलत असेल! मग दोरा आणि दगडही द्या.

आणि हो, गाठ घट्ट बांधा. नाहीतर दगड पायावर!