वसंत साठे

वसंत साठे (५ मार्च १९२५ – २३ सप्टेंबर २०११) हे भारतीय राजकारणी, कामगार चळवळीतील कार्यकर्ते आणि माजी केंद्रीय मंत्री होते. इंदिरा गांधी व राजीव गांधी या दोन्ही पंतप्रधानांच्या मंत्रिमंडळांत त्यांनी काम केले. केळझर, सेलू, आर्वी, हिंगणघाट या परिसराचा समावेश असलेल्या वर्धा लोकसभा मतदारसंघाचे त्यांनी सलग तीन वेळा प्रतिनिधित्व केले.

त्यांचा जन्म नाशिक येथे झाला. नाशिकच्या भोसला सैनिकी विद्यालयात आणि पुढे नागपुरात त्यांचे शिक्षण झाले. समाजवादी चळवळीतून ते काँग्रेसमध्ये आले. १९७२ साली अकोल्याच्या पोटनिवडणुकीत ते प्रथम लोकसभेवर निवडून गेले. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये काँग्रेसची देशभर पीछेहाट झाली, तरी अकोल्याने त्यांना पुन्हा निवडून दिले. पक्षफुटीत ते इंदिरा गांधींसोबत राहिले. १९८०, १९८४ व १९८९ या निवडणुका त्यांनी वर्ध्यातून जिंकल्या.

रंगीत दूरचित्रवाणी

१९८० मध्ये साठे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांचे नाव आजही प्रामुख्याने याच कारकिर्दीमुळे घेतले जाते. त्या वेळी दूरदर्शनचे प्रक्षेपण कृष्णधवल होते आणि संच मोजक्या घरांत असत. रंगीत प्रक्षेपणाचा आग्रह साठे यांनी धरला, तेव्हा त्यास संसदेत आणि वृत्तपत्रांतून विरोध झाला. जेथे पिण्याचे पाणी व वीज पोहोचलेली नाही, तेथे परकीय चलन खर्चून रंगीत चित्रे कशासाठी, असा आक्षेप होता. तो उथळ नव्हता. विदर्भातल्या कोरडवाहू गावांकडे पाहिल्यास त्यातील तथ्य सहज पटते. साठे यांचे म्हणणे असे की, जगभर कृष्णधवल तंत्र मागे पडत आहे. कालबाह्य यंत्रसामग्रीत पैसा गुंतवणे गरीब देशाला अधिक महाग पडेल. १५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय प्रक्षेपण रंगीत झाले. नोव्हेंबरात दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धा लोकांनी रंगीत पाहिल्या, पण तोवर साठे यांच्याकडे रसायने व खते हे खाते गेले होते.

१९८४ साली सुरू झालेल्या 'हम लोग' या मालिकेची मूळ कल्पनाही त्यांच्या मेक्सिको दौऱ्याशी जोडली जाते. तेथे कौटुंबिक मालिकांतून साक्षरता व कुटुंबनियोजनाचा प्रसार केला जात असे. आपल्याकडे पुढे मालिका उरल्या, प्रसाराचा हेतू मात्र लवकरच मागे पडला.

नंतरची खाती व विचार

राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात त्यांनी पोलाद, खाण व कोळसा आणि नंतर ऊर्जा ही खाती सांभाळली. सार्वजनिक उद्योगांच्या तोट्याबद्दल मंत्रिपदी असतानाच ते उघडपणे बोलत. समाजवादी परंपरेतून आलेल्या नेत्याने अशी भूमिका घेणे स्वपक्षीयांना रुचणारे नव्हते. वैयक्तिक प्राप्तिकर रद्द करावा, असेही त्यांचे मत होते.

अध्यक्षीय शासनपद्धतीचा त्यांनी केलेला पुरस्कार सर्वांत वादग्रस्त ठरला. पक्षांतरे व अस्थिर सरकारे यांवर तो उपाय असल्याचे ते मांडत. आणीबाणीची आठवण ताजी असल्याने टीकाकारांना त्यात सत्तेच्या केंद्रीकरणाचा धोका दिसला.

१९९१ मध्ये वर्ध्यातून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या रामचंद्र घंगारे यांनी त्यांचा पराभव केला. नंतर त्यांनी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. वयाच्या ८६ व्या वर्षी गुडगाव येथे त्यांचे निधन झाले.